ओडिऑनची तुळई

सुतार खलील शिडीवरून उतरला आणि मधल्या तुळईतली चीर आता वीतभर झाल्याचं त्यानं नीताला सांगितलं. काल ती बोटभर होती.

दोघं ओडिऑनच्या दारात उभे होते. जुन्या ग्रीसमध्ये गाण्याबजावण्यासाठी अशी लहान, छप्पर घातलेली सभागृहं असत; आखातातल्या मदिनत खलीफा भागातल्या एका शाळेनं हौसेनं तसंच बांधून घेतलं होतं. अर्धगोल पायऱ्या, वर लाकडी छप्पर. संध्याकाळी उद्घाटन होतं, आत मुलांच्या गाण्याची तालीम चालली होती.

नीता या कामावरची इंजिनियर. एसी लावल्यापासून लाकूड सुकतंय, चीर वरवरची आहे, असं तिच्या कंपनीच्या मॅनेजरनं तिला फोनवर तीनदा बजावलं होतं. सकाळी तिनं छप्पर सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटवर सही केली होती. खलीललाही तिनं तेच सांगितलं. रत्नागिरीला बापाच्या हाताखाली होड्या बांधत वाढलेला माणूस तो. लाकूड ओळखायचा, पण सहसा वाद घालायचा नाही.

"लाकूड सुकलं की चिरतंच, मॅडम," तो म्हणाला. "पण ही सांध्याकडे निघालीय. तिथं पोचली की तुळई सुटेल."

तेवढ्यात वर काहीतरी करकरलं. गाण्याच्या आवाजात मुलांना कळलं नाही. नीताला कळलं.

ती आत गेली. दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा, चैत्रालीचा हात धरून तिनं तिला खाली उतरवलं. डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे, असं टीचरना सांगितलं. टीचरनी मान डोलावली. गाणं थांबलंसुद्धा नाही.

बाहेर उन्हात आल्यावर चैत्रालीनं हात सोडवून घेतला. डेंटिस्टकडे मागच्याच आठवड्यात गेलो होतो, असं ती इंग्रजीत कुरकुरत राहिली. खलीलनं मुलीकडे पाहिलं, मग दाराकडे. आत अजून एकतीस मुलं गात होती.

"हिला मी बघतो, मॅडम," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बाकीच्यांना आणा."

नीताचा चेहरा उतरला. फोन वाजत होता, मॅनेजरचाच. तो न उचलता ती आत पळाली.

पाच मिनिटांत सगळी मुलं भिंतीच्या सावलीत रांगेनं उभी होती. टीचरनी त्यांना दोनदा मोजलं. मग त्या नीताजवळ आल्या. छताबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या चैत्रालीकडे बघत होत्या.

"हिला नेलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

नीतानं मान डोलावली. हो.