रिकामं सिलिंडर

आईचा श्वास थांबला तेव्हा वॉर्डातल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा शून्यावर होता. बातमी फुटली आणि सरकारी दवाखान्याबाहेर जमाव जमला. भावाने दगड उचलला, तशी थोरल्या बहिणीने वॉर्डाच्या खिडकीतून हाक मारली, "टाक तो खाली. काच फोडलीस तर उद्या काचेचीच बातमी होईल, आईची नाही." तेवढ्यात दोन वॉर्डबॉय सिलिंडर उचलायला आले. बहीण सिलिंडरला बिलगून बसली. मुख्य डॉक्टर धावत आले. "ताई, दुसऱ्या पेशंटना लागेल ते." "त्यांना भरलेलं द्या. चौकशीवाले येईपर्यंत हे इथून हलणार नाही." "आमच्यावर विश्वास नाही?" "आईचा होता." भिंतीला टेकलेली नर्स पुढे आली. "सर, सिलिंडर संपत आल्याचं मी सकाळीच तुम्हाला सांगितलं होतं. चौकशीतही तेच सांगेन." तिने स्टूल ओढलं आणि ती सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला बसली.