कंपनीचा रंग

मुरबाडच्या एका कंपनीत भरत चांदीचं रसायन तापवायचा. त्याची वाफ काचेवर बसली की काचेला चांदीचा, नजरेलाही न दिसणारा पातळ थर चढायचा. उरलीसुरली वाफ भरतच्या नाकातोंडात जायची. पौषात, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत त्याचे ओठ आणि नखं निळी पडली, तेव्हा त्याची बायको वेणू रडत-ओरडत त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथला डॉक्टर हसला. "अंगात चांदी मुरलीय. रंग जायचा नाही, पण जिवाला धोका नाही."

"बघ गो," परतताना भरत म्हणाला, "तुला पैंजण नाय केलं, पन चांदी घरी आनली का नाय?"

दिवाळीच्या तोंडावर, एका सकाळी ड्युटीला निघता निघता तो ओट्यावरच बसला. छाती भरून आल्यागत वाटतंय म्हणाला. पाहुणी आलेली मावशी घाबरली. "वेणू, याचे ओठ बघ गो, निळे पडलेत!"

"तो कंपनीचा रंग हाय, मावशी," वेणू चुलीपुढूनच म्हणाली. "मागं धावत गेलो, तं डॉक्टर हसला आमाला."

भरतही हसला आणि जरा पडतो म्हणून आत गेला.

दुपारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याचा हात खाली ठेवला आणि चादर तोंडावर ओढली. मग त्यांना राहवलं नाही.

"श्वास पुरेनासा झाला की माणूस निळा पडतो, एवढंही दिसलं नाही? कधीपासून निळे होते हे?"

"म्हशाच्या जत्रेपासनं," वेणू म्हणाली.