पहिला गिअर

देविदासची पिकअप गिअर धरेनाशी झाली, तसे दिग्रसचे रज्जाकचाचा हत्यारांची पेटी घेऊन त्याच्या अंगणात आले. दोघांनी मिळून गिअरबॉक्स खाली उतरवला आणि पोत्यावर उघडला. चाचा एकेक गिअर रॉकेलमध्ये धुऊन उन्हात धरून पाहू लागले. बाकीचे सगळे शाबूत होते. पहिल्याचे दात मात्र पार झिजून गेले होते.

चाचा भडकले. "अबे, कापूस लादून लादून मारून टाकली तुनं गाडी!"

"कापूस कुठी पिकला, चाचा?" देविदास हातातलं फडकं पिळत राहिला. "यवतमाळच्या दवाखान्यातून जहर पेलेल्यायच्या मयती आणतो. फाट्यापासून सारं गाव गाडीपुढं पायी चालते. त्यायच्या पुढं गाडी कशी काढू?"

चाचांनी तो गिअर अलगद पोत्यावर ठेवला. मग म्हणाले, "जुना भेटते का पाहतो कुठी. काही दिवस निघतीन."

देविदासनं कुंपणापलीकडच्या पऱ्हाटीकडं पाहिलं. यंदाही बोंडं अळीनं काळी पडली होती.

"नवाच टाका, चाचा."