मिनिटभराची ओळख

घरातली रेंज दुपारपासून गेली होती, म्हणून हर्षाली फोन घेऊन उसाच्या बांधावर येऊन उभी राहिली. दिवस मावळत आला होता. कंपनीनं नव्या पोरापोरींसाठी ऑनलाइन वर्ग काढले होते. आत्मविश्वास वाढवायचा आणि मन ताजं ठेवायचं म्हणे. आज शेवटचा वर्ग, आणि प्रत्येकानं मिनिटभर स्वतःची ओळख करून द्यायची होती.

लग्न होऊन लोणीच्या या वस्तीवर आल्यापासून ती घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करत होती. नवरा चाकणला, सासू-सासरे शेतात, आणि ही दिवसभर लॅपटॉपपुढं. ऑफिसातलं एकही माणूस तिनं समोरासमोर पाहिलं नव्हतं. आजवर वर्गात माइकसुद्धा उघडला नव्हता. पण आज बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं. शाबासकी राहू द्या, आपण आहोत एवढं तरी कुणाला कळावं, असं तिला फार वाटत होतं.

"हर्षाली, आता तुम्ही. जरा मोठ्यानं हं, आवाज येत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

तिनं डोळे मिटले, बेंबीच्या देठापासून आवाज काढला आणि सुटलीच. नाव, माहेर, शिक्षण, शाळेत कबड्डी गाजवली ते, आणि शेवटी, "मला इथं अजिबात करमत नाही," हेही सांगून मोकळी झाली. केवढं हलकं वाटलं तिला! डोळे उघडले, तर पडद्यावर मॅडम अर्धवट उघड्या तोंडानं थिजलेल्या. रेंज कधीच गेली होती.

तेवढ्यात मागून ताटल्या बडवल्याचा आवाज आला. तिन्हीसांजेला उसाकडून ओरडा ऐकू आला, की इथं कुणी कारण विचारत बसत नाही. बिबट्याच! शेजारच्या चिमाबाई ताटली घेऊन आणि त्यांचा मुलगा जानकू काठी घेऊन धापा टाकत पोचले.

"कुठंय गं त्यो? कुठं गेला?"

"बिबट्या नाही, आत्या. मी... मीच बोलत होते."

"कुणाशी?"

हर्षालीनं फोनकडं पाहिलं.

चिमाबाई मटकन बांधावर बसल्या. "लई घाबारलो बाई. आन् हाका मारायच्या, तर तुजं नावच ठावं न्हाई. नुसतं 'दादाभाऊची सून, दादाभाऊची सून' करत पळालो. काय नाव गं तुजं?"