ठणठणीत

नर्सबाई सकाळपासून वैतागल्या होत्या. स्तनांच्या तपासणीला यायच्या बायका, आणि उत्तरं द्यायचे त्यांचे नवरे.

आताही तेच. बायको पार दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेली, आणि नवरा नर्सबाईंच्या टेबलावर कोपरं टेकून खिंड लढवत होता.

"त्यांना कुठे दुखतं-खुपतं का?"

"छे हो, तिला काय धाड भरलीय. एकदम ठणठणीत."

"गाठबीठ कधी हाताला लागलीय?"

"आमच्या घराण्यात असलं कुणालाच नाही. हिच्या बहिणीने डोकं खाल्लं म्हणून आणलंय. लवकर उरका, गाडी रस्त्यातच लावलीय."

त्या काय तुमच्या घराण्यात जन्मल्यात, असं नर्सबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी बायकोला हाक मारली. तिच्या मागोमाग नवराही उठून निघाला.

"तपासूनही तुम्हीच घेताय का?" असं म्हणत नर्सबाईंनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

आत ती निमूट आडवी झाली. नर्सबाईंची बोटं डाव्या बाजूला एका जागी थांबली, पुढे सरकली, आणि पुन्हा तिथेच आली. चांगली गोटीएवढी गाठ होती. सकाळपासून चढलेला त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"ताई, ही कधीपासून आहे?"

तिने मान वळवून बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"ह्यांनी काय सांगितलंय?"