पाच टोले

शिपाईकाकांचा चहा रोज घंटेपायी गार व्हायचा आणि एका घोटात संपायचा. म्हणून नववीतल्या एका पोरीने आपल्या पहिल्यावहिल्या प्रोग्रामला घंटेचंच काम दिलं. मोटारीला काकांची हातोडी बांधली. अकराला घंटा वाजली, आणि वाजतच राहिली. शाळा सुटली समजून पोरं दप्तरं घेऊन मैदानात! मुख्याध्यापिका तणतणत आल्या. "प्रोग्रामिंगचा तास आजपासून बंद!" काकांनी प्लग उपटला. "पोरी, किती टोले सांगितलेस त्याला?" तिने जीभ चावली. "ते सांगायचंच राहिलं." काका मुख्याध्यापिकांकडे वळले. "बाई, पहिल्या दिवशी मीही असाच वाजवत सुटलो होतो. मला कुठे हाकललंत?" मुख्याध्यापिका हसल्या. पोरीने एक ओळ वाढवली. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा मोजत होती. पाचव्या टोल्याला हातोडी गप्प! टाळ्यांच्या कडकडाटात स्टुलावर बसलेल्या काकांनी सवयीने मोठा घोट घेतला. "आई गं, भाजलं!"