कॉलर

सून "मला शिवण शिकवा" म्हणाली, तेव्हाच मी तिला सांगून टाकलं, "शिकवणं माझ्याच्यानं होत नाही. समोरचीचा हात अडखळला की मी कापड हिसकावून घेते. दोघी रडत घरी गेल्यात, तिसरी घरातलीच नको."

"बरं, आई," म्हणाली आणि बटणं लावत, इस्त्री करत राहिली. पुन्हा विषय काढला नाही.

वर्षभरानं एक वकीलबाई त्यांचा कोट ढिला करायला घेऊन आल्या. "तुमचा हात दिवसेंदिवस सुधारतोय हो. हल्ली कॉलर काय सुरेख बसते." या वयात कौतुक कोणाला नको असतं? त्या गेल्यावर मी हौसेनं कॉलर उलटून बघितली.

आतले टाके डावीकडे झुकलेले होते. माझे उजवीकडे झुकतात, चाळीस वर्षं. घरात डावखुरी एकच.

तयार होऊन टांगलेले कोट मी एकेक करून उलटले. सगळीकडे तेच. शेवटचा कोट मी सुनेपुढे धरला.

"तुम्ही दुपारी झोपलात की कॉलर उसवायचे," सून इस्त्री बाजूला ठेवत म्हणाली. "उसवलं की कळतं कशी शिवलीय ते. मग परत लावून ठेवायचे."

"किती कोटांची?"

"सगळ्याच." तिनं मान खाली घातली. "पण आई, तुमच्यासारखी काही जमली नाही. मग माझ्या मनानंच बसवत गेले."